समविचारी देश, म्यानमार आणि आपली तूरडाळ

सीमोल्लंघन:
क्वाडचं, म्हणजे भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या चौघांच्या गटाचं, नाव निघालं की 'समविचारी देशांनी मिळून आशियातली लोकशाही राखायची' हे पालुपद येतंच. माझ्या लेखी त्याची परीक्षा एकच, म्यानमार. १ फेब्रुवारी २०२१ला तिथल्या लष्कराने निवडून आलेल्या लोकांना आत टाकलं. एप्रिलमध्ये आसियानने, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेने, जकार्तात तोडग्याची पाच कलमं ठरवली, ती कागदावरच राहिली. १८ जून २०२१ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तिकडे जाणारी शस्त्रं रोखा असा ठराव आला. ११९ देश बाजूने, ३६ तटस्थ. त्या ३६ जणांत चीन होता, आणि आपणही.

पण सहकार्य होतच नाही, असंही नाही. म्यानमारमधल्या मानवी हक्कांवर नजर ठेवणारे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी लष्कराची शस्त्रखरेदी कुठून होते ते २०२३मध्ये उघड केलं. सिंगापूरने चौकशी लावली आणि तिथून जाणारा माल वर्षभरात ११ कोटी डॉलरवरून जेमतेम १ कोटीवर आला. त्याच वर्षी थायलंडमधून जाणारा मात्र ६ कोटींवरून १३ कोटींच्या आसपास गेला. एकाने नळ बंद केला, शेजाऱ्याने उघडला. सहकार्य हवं ते इथे. निवेदनं पुष्कळ झाली.

लातूरकर:
ठरावाच्या त्याच जून २०२१मध्ये आपण म्यानमारशी आयातीचा करार केला, वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर, पाच वर्षं. २०१५ला तूरडाळ दोनशेच्या घरात गेली तेव्हा काय बोंब झाली होती आठवतंय ना? सरकारला आधी वरणभात बघावा लागतो.

बांधावरून:
लातूरकर, वरण खाणाऱ्याचं बोललात, तूर पिकवणाऱ्याचं कोण बोलणार? आयात थांबली तर आमच्याकडे पेढे वाटतील.

रोखठोक:
धागाकर्त्याशी साफ असहमत. १,६४३ किलोमीटरची सरहद्द आहे, पलीकडे आपल्या ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ. १९८८ला आपण उघडपणे लोकशाहीवाल्यांच्या बाजूला उभे राहिलो, त्यांच्या नेत्या आंग सान सू ची यांना नेहरू पुरस्कारही दिला. मिळालं काय? चीन तिथे घट्ट बसला, म्यानमारच्या किनाऱ्यावरच्या क्याउकफ्यूपासून आपल्या युनान प्रांतापर्यंत वायुवाहिनी टाकून मोकळा झाला. आणि त्याच सू ची २०१९ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात रोहिंग्यांच्या खटल्यात लष्कराची बाजू मांडत होत्या. जपान-अमेरिकेची सरहद्द तिथे नाही, त्यांना तत्त्वं परवडतात.

मंडालेचा वाटसरू:
ज्या भूमीत लोकमान्यांनी सहा वर्षं काढली, तिथल्या लोकांविषयी महाराष्ट्राने इतकं कोरडं बोलावं?

रोखठोक:
मंडाले काढल्याशिवाय मराठी माणसाला ब्रह्मदेशावर बोलताच येत नाही का?

ऐझॉलची आठवण:
नोकरीमुळे मी मिझोराममध्ये राहिले आहे. मार्च २०२१मध्ये केंद्राने सीमेवरच्या राज्यांना कळवलं, म्यानमारमधून पळून येणाऱ्यांना आत घेऊ नका. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं, की हे म्यानमारमधले चिन जमातीचे लोक आमचे भाऊबंद, पाठ कशी फिरवू? चर्चने, यंग मिझो असोसिएशनने, साध्या घरांनी भात शिजवून घातला. क्वाडच्या फोटोत हे लोक नसतात.

आणि रोखठोक, तुमचाच हिशोब धरू. म्यानमारमधून मिझोरामला जोडणाऱ्या भारताच्या कलादान प्रकल्पाच्या वाटेवरचं पलेत्वा गाव जानेवारी २०२४पासून आराकान आर्मी या लष्कराविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र गटाच्या ताब्यात आहे. सित्वे बंदरातून मिझोरामला माल आणायचा तर बोलायचं कुणाशी? राजधानी नेपिडोतल्या सेनापतींशी बोलून ट्रक पलेत्वातून सुटणार नाही.

रोखठोक:
पलेत्वाचा मुद्दा मान्य. पण मग सगळ्यांशीच बोला म्हणा ना. त्याला लोकशाहीचं रक्षण का म्हणायचं? व्यवहार म्हणा.

सीमोल्लंघन:
म्हणा. मला नावाशी देणंघेणं नाही. जपानच्या किरिन कंपनीने लष्कराशी जोडलेल्या कंपनीबरोबरची बिअरमधली भागीदारी सोडली, तो व्यवहारच होता. माझी मागणी छोटी आहे. भारत, जपान, सिंगापूर आणि थायलंड यांनी मिळून लष्कराच्या विमानांचं इंधन, सुटे भाग आणि त्यांचे पैसे फिरवणाऱ्या बँका एवढ्यावरच नजर ठेवावी. अँड्र्यूज यांच्या यादीत भारतातून गेलेला ५ कोटी १० लाख डॉलरचा मालही आहे, त्यात आपल्या सरकारी कंपन्याही. तेव्हा सुरुवात घरातून.

लातूरकर:
इंधन बंद करा, सुटे भाग बंद करा, माझी ना नाही. डाळ त्या यादीत आहे की नाही, तेवढं सांगा.

बांधावरून:
असू दे की!