आईच्या फोनवर सारख्या जाहिराती, अँटीव्हायरस घ्यावा का?

निवांत_गडी:
आईचा अँड्रॉइड फोन आहे, गेला आठवडाभर वैताग चाललाय. लॉक काढला की पूर्ण स्क्रीनभर जाहिरात, कुठलंच अॅप उघडलेलं नसताना. शिवाय वरून नोटिफिकेशन पडतं की "तुमच्या फोनमधे ५ व्हायरस आहेत, आत्ता साफ करा". तिने घाबरून त्यावर दाबलं आणि कुठलंतरी क्लीनर अॅप घेऊन बसली, तेव्हापासून जास्तच. प्ले स्टोअरवर अँटीव्हायरस शोधला तर ढीगभर निघाले, सगळ्यांना साडेचारच्या वर स्टार, काय कळणार त्यातनं? पैसे भरून चांगला घ्यावा का? रिसेट शक्यतो नको, फोटोंचा बॅकअप नाहीये. आणि तिचं बँकेचं अॅप पण त्याच फोनमधे आहे त्याचीच जास्त धाकधूक.

झटपट_उत्तर:
रिसेट मार आणि मोकळा हो. फोटो आधी कॉम्प्युटरवर काढून घे.

खटपट्या:
अरे थांबा, लगेच रिसेट कशाला. निवांत, तुझ्याकडे दोन वेगळ्या भानगडी एकत्र झाल्यात.

ते "५ व्हायरस" वालं नोटिफिकेशन बहुतेक ब्राउझरमधून येतंय. कुठल्यातरी साइटने "पुढे जायला अलाउ दाबा" म्हटलं असणार आणि आईने दाबलं असणार, तेव्हापासून ती साइट तिला वाट्टेल ते पाठवते. वेबसाइटला तुमच्या फोनमधले व्हायरस मोजताच येत नाहीत, आकडा निव्वळ घाबरवायला टाकलेला असतो. क्रोमच्या सेटिंगमधे साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन, तिथे ओळखीच्या नसतील त्या सगळ्या साइट ब्लॉक कर. ही भानगड तिथेच संपली.

स्क्रीनभर जाहिरात मात्र अॅपचंच काम. जाहिरात आली की ती बंद करायची घाई करू नकोस, रिसेंट अॅप्सचं बटण दाब, ज्या अॅपची जाहिरात आहे त्याचा आयकॉन वर दिसतो. काही चोर तिथे आयकॉन कोरा ठेवतात किंवा सेटिंगसारखं चाक लावतात, पण मग तेही संशयास्पदच की. दुसरी जागा म्हणजे सेटिंगमधे "डिस्प्ले ओव्हर अदर अॅप्स" ची यादी, म्हणजे दुसऱ्या अॅपच्या वर स्वतःची खिडकी दाखवायची परवानगी कोणाकोणाला आहे ते. टॉर्च, वॉलपेपर, क्लीनर असलं काही त्यात चालू दिसलं तर त्याला तिथे काय काम?

निवांत_गडी:
नोटिफिकेशन बंद झाली, भारी! दुसऱ्या यादीत ते क्लीनर आहे आणि अजून एक ज्याला नावच नाही, कोरी जागा. मेनूमधे त्याचा आयकॉनच सापडत नाही. अनइन्स्टॉल करायला गेलो तर बटण फिकट, दाबलंच जात नाही.

खटपट्या:
मग त्याने डिव्हाइस अॅडमिन मिळवलंय, म्हणजे फोनवर जादा ताबा देणारी परवानगी. सेटिंगच्या सर्चमधे "डिव्हाइस अॅडमिन" टाइप कर, तिथे त्याची टिक काढ, मग अनइन्स्टॉल होईल. टिक काढतानाच स्क्रीन आपोआप मागे जायला लागली तर फोन सेफ मोडमधे टाक, बऱ्याच फोनमधे पॉवर ऑफ हा पर्याय दाबून धरला की तो विचारतो. सेफ मोडमधे डाउनलोड केलेली अॅप चालतच नाहीत त्यामुळे ते आडवं येऊ शकत नाही. तिथेही जाहिराती येतच राहिल्या तर मात्र गडबड फोनच्या मूळ सॉफ्टवेअरमधे आहे. असंही होतं, ट्रायडा नावाचा मालवेअर (म्हणजे घातक सॉफ्टवेअर) काही फोनमधे कारखान्यातूनच आला होता हे गूगलने २०१९ मधे सांगितलंय. तिथे साधा रिसेटही उपयोगाचा नाही.

बिट_बाई:
एक महत्त्वाचं राहिलं, अॅक्सेसिबिलिटी बघितलीस का? ज्यांना नीट दिसत नाही किंवा बोट वापरता येत नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे, पण बँकेवर डोळा असलेले मालवेअर हीच परवानगी मागतात, कारण ती मिळाली की त्याला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. तुम्ही त्याला काढायला सेटिंगमधे गेलात की तो स्वतःच बॅक दाबतो, खटपट्या म्हणाला तो मागे जाण्याचा प्रकार बऱ्याचदा हाच. फ्लूबॉट असाच होता, "तुमचं पार्सल आलंय" असा मेसेज, लिंकवरून अॅप, मग अॅक्सेसिबिलिटी, मग बँकेच्या अॅपवर हुबेहूब खोटं लॉगिन पान. २०२२ मधे बऱ्याच देशांच्या पोलिसांनी मिळून ते बंद पाडलं.

अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेल्या अॅपला ही परवानगी सहज देता येत नाही. त्यामुळे आता भामटेच चित्रं काढून शिकवतात की "अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग" कुठे दाबायचं. असं शिकवणारं कोणीही भेटलं की फोन खाली ठेवायचा.

त्या बिननावाच्या अॅपला अॅक्सेसिबिलिटी असेल तर आईच्या फोनवर आत्ता बँक उघडू नका. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला आणि बँकेला कळवा.

सरळमार्गी:
एवढं कशाला? प्ले स्टोअर सोडून कुठूनही अॅप घ्यायचं नाही, संपला विषय.

बिट_बाई:
बाहेरून घेण्यापेक्षा कितीतरी बरं, पण विषय संपत नाही. एक बारकोड स्कॅनर होतं प्ले स्टोअरवर, १ कोटीच्या वर डाउनलोड, वर्षानुवर्षं नीट काम करणारं. २०२० च्या शेवटी अपडेट आला आणि ते आपोआप ब्राउझर उघडून जाहिराती दाखवायला लागलं. लोकांनी जुनं, विश्वासाचं अॅप म्हणून त्याच्यावर संशयच घेतला नाही. स्टोअरवरून काढलं तरी लोकांच्या फोनमधे राहिलंच. म्हणून वापरत नसलेली अॅप काढून टाकावीत.

निवांत_गडी:
अॅक्सेसिबिलिटीत काही नव्हतं, सुटलो. डिव्हाइस अॅडमिन काढल्यावर दोन्ही अॅप उडाली, सकाळपासून एकही जाहिरात नाही. मग अँटीव्हायरस घेऊ की नको? आणि आयफोनला हे होतच नाही म्हणतात ते खरं का?

खटपट्या:
अँड्रॉइडमधे प्रत्येक अॅप आपापल्या कोंडवाड्यात असतं, अँटीव्हायरससुद्धा. त्याला दुसऱ्या अॅपच्या आतला डेटा वाचता येत नाही, तो मुख्यतः इन्स्टॉल झालेली अॅप आणि फाइल ओळखीच्या यादीशी ताडून बघतो. जवळपास तेच काम प्ले प्रोटेक्ट, म्हणजे प्ले स्टोअरमधलीच गूगलची तपासणी, फुकट करतं. प्ले स्टोअरमधे वर फोटोवर दाबून ते चालू आहे ना बघ, कारण काही मालवेअर आधी तेच बंद करायला लावतात. नामांकित कंपनीचा घेतलास तर खोट्या लिंक अडवायला थोडी मदत होईल, पण स्टार बघून कुठलाही फुकटातला घेऊ नकोस, त्या क्लीनरलाही स्टार होतेच. त्यापेक्षा सेटिंगमधे सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या अपडेटची, तारीख बघ. वर्षभर जुनी असेल आणि अपडेट येतच नसेल तर बँकेचं अॅप नव्या फोनवर हलव.

बिट_बाई:
आयफोनवर असली जाहिरातबाज अॅप जवळजवळ नाहीतच, पण "व्हायरस सापडला" वाली पानं आणि कॅलेंडरमधे घुसणारं स्पॅम तिथेही येतं. पेगॅसससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर तर कुठेही न दाबता आयफोनमधे शिरलेलं आहे. ते पत्रकार, कार्यकर्ते वगैरे ठराविक लोकांवर सोडतात, त्यांच्यासाठी अॅपलने २०२२ मधे लॉकडाउन मोड आणला, म्हणजे बऱ्याच सोयी बंद करून फोन जास्त कडेकोट करणारी सेटिंग. आईला त्याची गरज नाही.

निवांत_गडी:
पॅच दीड वर्ष जुना निघाला. फोटो काढून घेतोय कॉम्प्युटरवर, बँकेचं अॅप तोपर्यंत माझ्या जुन्या फोनवर टाकून देतो, त्याला अजून अपडेट येतात.