आनंद पटवर्धन यांची कारकीर्द कशी समजून घ्यावी?

प्रश्न:
मी चित्रपट-अभ्यासाचा विद्यार्थी असून सध्या आनंद पटवर्धन यांच्या माहितीपटांवर टिपण तयार करत आहे. त्यांच्या विषयांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे; मात्र व्यावसायिक चित्रपटसृष्टीच्या बाहेर राहून एक दिग्दर्शक जवळपास पन्नास वर्षे काम कसे करत राहतो, हे मला अजून उमगलेले नाही. त्यांची जडणघडण आणि कामाची पद्धत यांविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १:
आरंभ घरापासून करावा. पटवर्धनांचा जन्म १९५० साली मुंबईत झाला. स्वातंत्र्यसैनिक अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका, तर आई निर्मला पटवर्धन या नामवंत कुंभकला-कलावंत. अमेरिकेत शिकत असताना ते व्हिएतनाम युद्धविरोधी आंदोलनात होते, पुढे सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत स्वयंसेवक म्हणून राहिले आणि परतल्यावर मध्य प्रदेशात ग्रामीण शिक्षणाचे काम करू लागले. म्हणजे चळवळ आधी आली आणि कॅमेरा नंतर. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीची किल्ली येथेच आहे. १९७४ मध्ये जयप्रकाशांच्या बिहार आंदोलनाचे चित्रीकरण करताना साधने इतकी तुटपुंजी होती की, सुपर-८ या छोट्या, हौशी वापराच्या फिल्मवर टिपलेली दृश्ये पडद्यावर टाकून ती पुन्हा १६ मिमी कॅमेऱ्याने चित्रित करावी लागली. आणीबाणी आल्यावर त्याच माहितीपटाच्या प्रतीचे तुकडे करून ते गुपचूप परदेशी पाठवण्यात आले.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, पण त्यात न्यायालयीन लढ्याची भर घालायला हवी, कारण तो त्यांच्या कामाचा अर्धा भाग आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतरच्या काळावरील ‘वॉर अँड पीस’मध्ये सेन्सॉर मंडळाने कापाकापी सुचवली, तेव्हा त्यांनी ती न स्वीकारता दाद मागितली आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो जसाच्या तसा दाखवण्याचा मार्ग मोकळा केला. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ दूरदर्शनवरून प्रसारित करावा, हा निकाल तर २००६ साली थेट सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यांनी निमूटपणे कात्री मान्य केली असती, तर हे माहितीपट कदाचित लवकर लोकांपर्यंत पोहोचले असते. परंतु पुढच्या दिग्दर्शकांना आधार म्हणून दाखवता येतील असे निकाल हाती राहिले नसते.

प्रतिसाद ३:
कामाची पद्धत पाहायची असेल, तर ‘हमारा शहर’ (१९८५) आणि ‘जय भीम कॉम्रेड’ हे दोन माहितीपट लागोपाठ पाहा. पहिल्यात मुंबईच्या झोपडपट्ट्यांवर चालणारा बुलडोझर आहे आणि शाहीर विलास घोगरे यांचे गाणे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मरण पावले आणि काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. त्या धक्क्यातून सुरू झालेला दुसरा माहितीपट पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. या काळात गोळीबाराचा खटला रेंगाळत गेला, कबीर कला मंच या पुण्यातील सांस्कृतिक गटाचे तरुण शाहीर पुढे आले आणि चित्रीकरण त्यांच्याबरोबर चालत राहिले. पटवर्धन कॅमेरा स्वतः हाताळतात, संकलनही स्वतः करतात. निर्मात्याने घालून दिलेली मुदत नसल्यामुळेच घटनेला तिच्या गतीने उलगडू देणे त्यांना शक्य झाले असावे. ते एकाच बाजूने उभे राहतात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. ते बाजू घेतात हे खरेच आहे आणि त्यांनी ते कधी लपवलेले नाही. पण विरोधी मताच्या माणसांना ते कॅमेऱ्यासमोर जितके मोकळेपणाने बोलू देतात, तितका वेळ आपल्या वृत्तवाहिन्याही क्वचितच देतात.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचे आभार. आई-वडिलांच्या उतारवयातील चित्रणातून साकारलेला ‘वसुधैव कुटुंबकम्’ (२०२३) या मांडणीत कोठे बसवावा?

प्रतिसाद १:
त्याला वेगळे काढू नये. कौटुंबिक आठवणी सांगता सांगता तो स्वातंत्र्यलढ्याकडेच वळतो, त्यामुळे टिपणात तो जडणघडणीच्या भागातच घ्यावा, असे मला वाटते.