इंजिन माझे, ट्यूनिंग त्याचे: भागीदारी सलोख्याने संपवताना नेमके काय काय लिहून ठेवावे?

कनेक्टिंग_रॉड:

नमस्कार. परफॉर्मन्स गाड्यांचे वर्कशॉप आम्ही दोघे भागीदारीत चालवतो. इंजिन उघडणे, मशीनिंग करवून घेणे आणि पुन्हा बांधणे हे माझे काम. ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) ट्यूनिंग आणि डायनो (गाडीची ताकद मोजणारे यंत्र) भागीदाराकडे. त्याला यापुढे केवळ ट्यूनिंग करायचे आहे, तेही मुख्यतः रेसिंग संघांसाठी, आणि मला वर्कशॉप सोडायचे नाही. आमच्यात वाद नाही; वाद नाही तोवरच सगळे कागदावर यावे, असे दोघांचेही मत आहे. भांडवल, शिल्लक माल आणि येणी-देणी यांचा ताळेबंद हिशेबनीस तयार करत आहेत. घोडे पेंड खाते आहे ते वेगळ्याच ठिकाणी. डायनो कोणाकडे राहावा, आजवरच्या ट्यूनिंग फाइल (ईसीयूत भरलेल्या सेटिंग्ज) कोणाच्या, अर्धवट राहिलेल्या गाड्यांचे काय करायचे, आणि दोघांनी मिळून तयार केलेल्या गाडीचे इंजिन उद्या बिघडले तर हमी कोणी निभवायची? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुना_टर्बो:

पहिले तीन प्रश्न शेवटी पैशाने किंवा वेळेने सुटतात. खरा प्रश्न चौथा आहे. जास्त ताकद काढलेले इंजिन फुटले की बांधणारा ट्यूनिंगकडे बोट दाखवतो आणि ट्यूनर बांधणीकडे. भागीदारी असेपर्यंत हा वाद घरातला असतो, कारण दुरुस्तीचा खर्च एकाच गल्ल्यातून जातो. वेगळे झाल्यावर तोच वाद दोन व्यवसायांमधला होतो आणि ग्राहकाची गाडी मधल्या मध्ये लटकते.

तुटलेला भाग बरेच काही सांगतो, पण सगळे सांगत नाही. पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटलेला असेल आणि माथ्यावर बारीक खड्डे दिसत असतील, तर संशय डेटोनेशनवर (मिश्रण स्फोटासारखे अनियंत्रित पेटण्यावर), म्हणजे इग्निशन टायमिंग, मिश्रण किंवा इंधनाच्या दर्जावर जातो. क्रँकचे बेअरिंग घासून गेले असेल, तर आधी तेलाचा पुरवठा आणि बांधणीतील क्लिअरन्स (भागांमधली फट) तपासतात. मात्र सततच्या डेटोनेशनचे घाव कनेक्टिंग रॉडच्या वरच्या बेअरिंगवरही बसतात, आणि एखादा इंजेक्टर चोंदल्यामुळे एकच सिलिंडर जळाला, तर दोघांपैकी कोणाचाच दोष नसतो.

म्हणून हमीच्या मुदतीत असलेल्या प्रत्येक गाडीचे एकेक पाकीट आत्ताच तयार करावे. त्यात तुमचा बांधणीचा तक्ता असावा, म्हणजे प्रत्येक बेअरिंगचा मोजलेला क्लिअरन्स, रिंगांची फट आणि बोल्ट किती टॉर्कला आवळले त्याची नोंद. क्रँकच्या जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) व्यासामागे दर इंचाला साधारण ०.००१ इंच क्लिअरन्स हा ढोबळ नियम सर्वांना पाठ असतो, पण वादाच्या वेळी नियम कामाला येत नाही, प्रत्यक्ष मोजलेला आकडा येतो. सोबत शेवटच्या डायनो रनचा लॉग जोडावा: लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण), टायमिंग, नॉक (डेटोनेशनची चिन्हे), तेलाचा दाब, आत येणाऱ्या हवेचे तापमान. गाडीत त्या दिवशी कोणती फाइल होती याची नोंद करून त्यावर दोघांच्याही सह्या घ्याव्यात. इंजिन उघडायची वेळ आलीच, तर ते कोणत्या तिसऱ्या माणसाकडे उघडायचे हेही आजच ठरवून ठेवा. इंजिन फुटल्यानंतर त्या नावावर दोघांचे एकमत होणे कठीण असते.

ताळेबंद:

वरील मुद्द्याला हिशेबाच्या बाजूने थोडी जोड देतो. भागीदारी कायदा देशागणिक बदलतो, परंतु तत्त्व बहुतेक ठिकाणी सारखेच आहे: बाहेर पडणारा भागीदार आपल्या काळातल्या देण्यांतून आपोआप सुटत नाही, आणि तो बाहेर पडल्याचे बाहेरच्यांना कळवले नसेल, तर नंतरच्या व्यवहारांतही तो अडकू शकतो. त्यामुळे पुरवठादार, बँक आणि जागेचा मालक यांना लेखी कळवावे. कर्जासाठी किंवा भाडेकरारासाठी दिलेला वैयक्तिक जामीन तुमच्या आपसातल्या करारपत्राने रद्द होत नाही. तो समोरच्या पक्षाने सोडावा लागतो. ग्राहकांच्या आगाऊ रकमा उत्पन्न म्हणून वाटून घेऊ नका, कारण काम पूर्ण होईपर्यंत ते देणेच आहे.

लॅम्डा_एक:

ट्यूनर म्हणून फाइल आणि डायनोबद्दल लिहितो. ग्राहकाच्या गाडीतील मूळ फाइल आणि शेवटची सुधारित फाइल यांची प्रत दोघांकडे राहावी, पण कॅलिब्रेशनच्या (फाइलमधल्या सेटिंग्ज ठरवण्याच्या) कामात पुढे बदल करण्याचा हक्क भागीदाराकडे जावा. खरी अडचण उपकरणांच्या परवान्यांची असते. फाइल वाचणारी-लिहिणारी अनेक उपकरणे मास्टर (मुख्य) आणि स्लेव्ह (दुय्यम) अशा जोडीने चालतात. स्लेव्हने वाचलेली फाइल सांकेतिक स्वरूपात असते आणि ती ज्याच्याशी जोडलेली आहे त्या मास्टरकडेच उघडते. परवाना वर्कशॉपच्या नावावर असेल, तर तो हस्तांतरित होतो का, हे उत्पादकाला आधी विचारा आणि मगच वाटणीत त्याची किंमत धरा.

डायनो मात्र जागेवरच राहू द्यावा. रोलरचा खड्डा, वायुवीजन आणि विजेची जोडणी उखडून नेता येत नाही. शिवाय दोन डायनोंचे आकडे जुळत नाहीत, आणि एकाच डायनोवर दुरुस्ती गुणक (हवेच्या तापमान-दाबानुसार आकडा जुळवून घेणारा) बदलला तरी आकडा हलतो. एसएई जे१३४९ या मानकात २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरडी हवा धरतात, जुन्या पद्धती थंड हवा धरून जास्त आकडा दाखवतात. जुन्या ग्राहकांची तुलना त्याच यंत्रावर व्हायला हवी. भागीदाराला ठरावीक दराने तासांवर डायनो वापरण्याचा हक्क द्या. तुम्हालाही बांधलेले इंजिन तपासायला ट्यूनर लागणारच आहे.

जुना_टर्बो:

लॅम्डा_एक यांच्याशी सहमत आहे, एक दुरुस्ती सुचवतो. तासांच्या हक्काला मुदत घाला. बेमुदत हक्क म्हणजे मागच्या दाराने भागीदारी चालू ठेवणे होय.

मागचा_ग्राहक:

मी असा ग्राहक आहे ज्याचे वर्कशॉप दुभंगले आणि ते मला तिसऱ्याच माणसाकडून कळले. दोघांच्या सहीचे एकच पत्र सर्वांना पाठवावे, आणि इंजिनासाठी कोणाला, फाइलसाठी कोणाला फोन करायचा, एवढे त्यात स्पष्ट असावे. जुना फोन क्रमांक आणि समाजमाध्यमावरील खाते कोणाकडे राहणार तेही करारात लिहा. माझे संदेश कित्येक महिने कोणी उघडलेच नव्हते.

कनेक्टिंग_रॉड:

सर्वांचे आभार. आज भागीदाराला हा धागा दाखवला. डायनो इथेच राहील आणि त्याला एका वर्षापुरता तासांवर वापर मिळेल, यावर एकमत झाले. जी इंजिने स्टँडवर उघडी आहेत ती जुन्या नावाखालीच, जुन्या हमीसह दोघे मिळून पूर्ण करू. ज्या गाड्यांना अजून हात लागलेला नाही, त्यांच्या मालकांना आगाऊ रक्कम परत घेण्याचा पर्याय देऊ. पाकिटांचे काम सुरू केले आहे. काही जुन्या गाड्यांचे लॉग सापडत नाहीत. त्यांच्या मालकांना बोलावून, करारावर सह्या होण्यापूर्वी त्या डायनोवर पुन्हा चालवून घेणार आहोत.