पास्ता नेमका किती शिजवावा? आपले अनुभव लिहा

भात कणीवर आहे की मऊ झाला, हे एक शीत बोटांत चेपून आपल्याकडे कुणालाही सांगता येते. पास्त्याच्या बाबतीत मात्र ही पारख माझ्या हातात अजून पुरती आलेली नाही. पाकिटावरची मिनिटे मोजूनही तो कधी आत कच्चा राहतो, तर कधी सॉसमध्ये घालताच त्याचा गिच्च गोळा होतो. इटालियन मंडळी ज्याला ‘अल देन्ते’ म्हणतात, म्हणजे चावताना दाताला जाणवेल इतपतच शिजलेला, तो आपण घरी कसा साधता? पाणी, मीठ, वेळ, भांडे, पास्त्याचा प्रकार, यांपैकी ज्याने फरक पडला असे आपल्याला स्वानुभवाने कळले, ते सविस्तर लिहावे. फसलेले प्रयोगही अवश्य लिहावेत.

मिलानहून

शिक्षणासाठी येथे आले तेव्हा माझ्याबरोबर राहणारी मुलगी नेपल्सची होती. तिच्याकडून मी पहिली गोष्ट शिकले ती प्रमाणाची: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. मीठ पाण्याला उकळी आल्यावर घालायचे, ते विरघळून पाणी पुन्हा खळखळू लागले की पास्ता सोडायचा आणि पहिले मिनिटभर ढवळत राहायचे, कारण पृष्ठभागावरचा स्टार्च तेव्हाच सर्वांत चिकट असतो आणि गुठळ्या त्याच वेळी होतात.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. पाकिटावर १० मिनिटे लिहिले असतील, तर ती सातव्या मिनिटापासून दर मिनिटाला एक पेन्ने, म्हणजे नळीच्या आकाराचा पास्ता, बाहेर काढून सुरीने आडवी कापत असे. कापलेल्या कडेच्या मधोमध पांढरी, पिठूळ रेघ दिसते. ती आधी जाड असते, मग दोऱ्याएवढी होते आणि शेवटी नाहीशी होते. रेघ दोऱ्याएवढी उरली की पास्ता उपसायचा आणि उरलेले शिजणे सॉसच्या कढईत होऊ द्यायचे. सॉस आधीच तयार हवा, पास्त्याने त्याची वाट पाहता कामा नये. येथे पाहुणा निघाला की फोनवर त्याला ‘बुत्तो ला पास्ता?’, म्हणजे ‘पास्ता टाकू का?’ असे विचारतात, ते याचसाठी.

सांगलीहून

मला पास्त्याची वाट शेवयांनी दाखवली. आमच्याकडे शेवयांसाठी बन्सी गव्हाचा रवा लागतो, कारण साध्या गव्हाच्या शेवया शिजताना लवकर मोडतात, हे आजीच्या हाताखाली लहानपणीच कळले होते. बन्सी म्हणजेच ड्युरम, आणि चांगला सुका पास्ताही याच गव्हाच्या रव्याचा असतो. इटलीत तर १९६७च्या कायद्याने सुक्या पास्त्यासाठी तो बंधनकारक केला. या गव्हातील प्रथिनांचे जाळे उकळत्या पाण्यात घट्ट होते आणि स्टार्चला आत धरून ठेवते, म्हणून तुकडा मऊ होऊनही आकार सोडत नाही.

मी दोन वर्षे मैद्याचा स्वस्त पास्ता आणत होते आणि आपलेच काही चुकते असे समजत होते. तो आठव्या मिनिटाला कच्चा असे आणि नवव्या मिनिटाला त्याची साल सुटून पाणी दुधासारखे होई. मधली अवस्था त्याला नव्हतीच. तेव्हा कृपया पाकिटाच्या मागे घटक वाचून घ्यावेत. ड्युरम रवा लिहिलेला नसेल, तर घड्याळ कितीही अचूक लावले तरी फारसा उपयोग होत नाही.

ठाण्याहून

पाण्यात तेल घालण्याची सवय मी सोडली, कारण तेल वर तरंगते आणि पास्ता उपसताना त्याला माखते, मग सॉस त्यावरून घसरून ताटलीत उतरतो. गार पाण्याखाली धुणेही सॅलडपुरतेच ठेवले आहे. उकळलेले पाणी मात्र टाकू नये. ते आपल्या भाताच्या पेजेसारखेच असते; त्यातील एक वाटी सॉसमध्ये घातली की तेल आणि पाणी मिळून येते.

पुण्याहून

माझ्या लहानपणी वाढदिवसाला अननस घातलेली बेक्ड मॅकरोनी हमखास असे आणि ती बहुतेक घरी चमच्याने कापावी इतकी मऊ होई. मी ती आजही करते, पण आता पाकिटावरच्या वेळेपेक्षा तीन मिनिटे आधी, स्पष्ट कडक असतानाच मॅकरोनी उपसते आणि व्हाइट सॉस नेहमीपेक्षा पातळ ठेवते. ओव्हनमधील वीस-पंचवीस मिनिटांत ती तो सॉस पिऊन बरोबर होते. सासूबाईंना दातांमुळे मऊच लागते, त्यांची वाटी मी आणखी चार मिनिटे वेगळी उकळते. खाणाऱ्याला चावता येणे हे मला कोणत्याही नियमापेक्षा महत्त्वाचे वाटते.

नाशिकहून

२०२१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले जॉर्जो पारिसी यांनी पुढच्याच वर्षी गॅस वाचवण्याची एक पद्धत समाजमाध्यमावर मांडली होती, ती वाचून मी करून पाहिली. पास्ता उकळत्या पाण्यात दोन मिनिटे शिजवायचा, मग घट्ट झाकण लावून आच बंद करायची. स्टार्च शिजण्यासाठी पाणी सतत खळखळण्याची गरज नसते, ते पुरेसे गरम राहिले तरी पुरते. माझ्या जाड बुडाच्या पातेल्यात पाकिटावरच्या वेळेपेक्षा दीड-दोन मिनिटे अधिक लागली आणि पोत उत्तम आला. पातळ ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मात्र पाणी लवकर निवले, पास्ता बाहेरून बुळबुळीत आणि आतून कच्चा राहिला.

लेहहून, यजमानांच्या बदलीच्या काळातील अनुभव

वरील अनुभवात ‘पाणी पुरेसे गरम राहिले तरी’ असे जे म्हटले आहे, त्याची मर्यादा आम्हांला लेहला कळली. सुमारे ३,५०० मीटर उंचीवर पाणी ८८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, आणि आच कितीही मोठी केली तरी त्याहून तापत नाही. ९ मिनिटांची स्पॅगेटी तेथे १४ मिनिटांनीही मधोमध कडक होती, आणि तोवर तिची बाहेरची बाजू विरघळू लागली होती. प्रेशर कुकर लावला तेव्हा फेस शिटीपर्यंत चढला.

शेवटी साबुदाणा भिजवतो तसा पास्ता भिजवून पाहिला. दीड तास गार पाण्यात ठेवल्यावर स्पॅगेटी पांढरट पडली आणि न मोडता बोटाभोवती वळू लागली. अशी भिजलेली स्पॅगेटी खारट उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटांतच पिवळसर आणि चिवट झाली, आणि कापून पाहिले तर मधली रेघ जेमतेम दिसत होती. आता बदलीने देवळालीला आलो आहोत, तरी जाड आकारांसाठी मी भिजवण्याचीच पद्धत ठेवली आहे. फक्त भिजवताना पाणी गारच घ्यावे, कोमट पाण्यात तुकडे एकमेकांना चिकटतात.