मदत हवी आहे: गर्भपातानंतर गुणसूत्र तपासणी, मुंबईत कुठे?

कळून आलेल्या दर 100 गर्भारपणांत साधारण 10 ते 20 आपोआप पडतात, बहुतेक पहिल्या 12 आठवड्यांत. त्यांतल्या जवळपास निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तरी बोल बाईलाच: लोकलने कशाला गेलीस, जिना कशाला चढलीस!

दुसऱ्यांदा असं झालं तर पडलेल्या गर्भाच्या ऊतीचा नमुना तपासलेला बरा. पण क्युरेटिंगनंतर (गर्भपिशवी साफ केल्यावर) तो सवयीने फॉर्मेलिनच्या, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या रसायनाच्या, बाटलीत जातो. पेशी मरतात, मग गुणसूत्रं बघायला प्रयोगशाळेत त्या वाढवायच्या (कल्चर) तर वाढतच नाहीत. निर्जंतुक सलाईनमध्ये, थंड पण न गोठवता, लवकर पोचवावा लागतो.

परळ-दादरकडे रविवारी असा नमुना कोण घेतं? खर्च किती? शिवाय अँटिफॉस्फोलिपिड चाचणी (वारंवार गर्भपाताला कारण ठरू शकणाऱ्या प्रतिपिंडांसाठीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली तर 12 आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. ती पालिकेच्या कुठल्या रुग्णालयात होते? कृपया नक्की माहिती असेल तर सांगा.