इव्हेंट ४१ म्हणजे पॉवर सप्लाय गेला असं नाही

कॉम्प्युटर मध्येच गोठतो, या प्रश्नावर इथे काहींनी सल्ला दिलाय, की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणारं टूल) 'कर्नल-पॉवर ४१' दिसतंय म्हणजे पॉवर सप्लाय बदला. तो मला पटत नाही. ती नोंद मशीन पुन्हा सुरू झाल्यावर पडते आणि तिचा अर्थ एवढाच, की आधीचं विंडोज नीट बंद झालं नव्हतं. गोठलेला कॉम्प्युटर आपण बटण दाबून धरून बंद केला तरी ४१ येणारच. रॅमची एकेक पट्टी काढून बघायचा दुसरा सल्ला मात्र योग्य आहे, ते जरूर करा.

एका गोष्टीचा उल्लेख अजून कुणी केलेला नाही. गोठतो तेव्हा माउसचा बाण हलतो, पण काहीच उघडत नाही, असं होतं का? माझ्याकडे अगदी तसंच व्हायचं. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये गोठण्याच्या वेळेच्या आसपास १२९ आणि १५३ क्रमांकाच्या नोंदी होत्या, म्हणजे डिस्ककडून वेळेत उत्तरच येत नव्हतं. मी डिस्क बदलायला निघालोच होतो, पण आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचे आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पाहिले. खराब सेक्टर शून्य, सी७ म्हणजे सीआरसी एररचा आकडा मात्र रोज वाढत होता. हा आकडा डिस्क आणि मदरबोर्डमधली देवाणघेवाण बिघडली की वाढतो, आणि बहुतेक वेळा दोष या दोघांना जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. केबल बदलली, गोठणं थांबलं. जुना आकडा शून्यावर येत नाही, त्यामुळे घाबरू नका. तो पुढे वाढतोय का तेवढं बघा. आणि हे सगळं करण्याआधी बॅकअप घ्या, कृपा करून.