अग्निशामक व्हायचंय, घरचे म्हणतात पोलीस भरतीच कर

शीतल_कराड:
वय २०, बारावीला ५८ टक्के, उंची १६३. दोन वर्षं पोलीस भरतीसाठी पळतेय, पण मन फायर ब्रिगेडकडे ओढ घेतंय. आई म्हणते, आगीत शिरणं बायकांचं काम नाही. आधी कोर्स करायचा की निवड झाल्यावर शिकवतात? एका अकॅडमीवाल्याने नोकरीची गॅरंटी देतो म्हणून ८५ हजार मागितलेत.

बंबवाले_काका:
पोरी, एक पैसा देऊ नकोस. गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही.

मुंबईत ३१ वर्षं नोकरी केली, प्रमुख अग्निशामक म्हणून निवृत्त झालो. २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने ९१० जागांची भरती घेतली, तेव्हा बारावीला ५० टक्के आणि मुलींना १६२ सेंटिमीटर उंची मागितली होती. म्हणजे तू बसतेस. बाकी बऱ्याच महापालिका सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स आधीच मागतात. तो सांताक्रूझच्या राज्य अग्निशमन अकादमीचा आहे, तोच कर.

तू पळतेस ते कामाला येईल. पण त्या भरतीत १९ फुटांवरून जंपिंग शीटवर, म्हणजे खाली ताणून धरलेल्या जाड कापडावर, उडी मारायची होती, तिथे चांगले पळणारे कठड्याला धरून बसलेले मी पाहिलेत. विहिरीत सूर मारायची सवय असेल तर उत्तम.

खरी परीक्षा धुराची. बी.ए. सेट, म्हणजे श्वासासाठी हवेची बाटली, पाठीवर, मास्क तोंडावर, आणि स्वतःचा हात दिसत नाही. माझ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं, चाचपडताना हाताची पाठ पुढे ठेवायची, तळहात कधीच नाही. उघडी तार तळहाताला लागली तर मूठ आपोआप मिटते आणि सुटत नाही. पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा, पुढे जमीन आहे याची खात्री झाल्यावरच भार द्यायचा. बाटलीतली हवा संपत आली की शिट्टी वाजते. ती वाजली की आत कितीही काम उरलं असो, मागे फिरायचं. हे पाळणं सर्वांत जड जातं, कारण आतून कुणीतरी हाका मारत असतं.

आईला खोटं सांगू नकोस. १४ एप्रिल १९४४ ला गोदीच्या स्फोटात आमचे ६६ जवान गेले, २०१५ ला काळबादेवीत चार अधिकारी गेले. पण रोजच्या वर्द्या, म्हणजे मदतीसाठी येणारे कॉल, बहुतेक साध्या कामांचे असतात: अडकलेली लिफ्ट, पडलेलं झाड, मांजात गुंतलेली घार. बायकांचं काम नाही म्हणाली तर नागपूरच्या हर्षिनी कान्हेकरांचं नाव सांग. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयातून बाहेर पडलेली देशातली पहिली महिला त्या.

वर्दी_२४तास:
काकांना दुजोरा. मी छोट्या नगरपालिकेत कंत्राटी आहे. शीतल, जाहिरातीत पद कायम आहे की ठेक्यावरचं, हे नीट वाच. माझे पगार दोन-दोन महिने रखडतात. आणि जड वाहनाचं लायसन्स काढून ठेव, चालक-यंत्रचालकाच्याही जागा निघतात.

शीतल_कराड:
काका, विहिरीत उडी मारते मी, लहानपणापासून. अकॅडमीवाल्याला नाही कळवलं. आईला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ६६ जणांपाशी ती गप्प झाली. मग म्हणाली, ती शिट्टी वाजली की तू फिरशील ना मागे?

बंबवाले_काका:
माऊलीला सांग, आत एकटीला कुणी पाठवत नाही. जोडीदार असतोच.